तीन ओळींची दुरुस्ती आणि तिच्या मागेपुढे: सुरक्षेचा बग कळवण्याचा माझा अनुभव

ज्या लायब्ररीतला बग मी कळवला तिचे नाव येथे देणार नाही. बग दुरुस्त झाला आहे, त्याची सूचना रीतसर जाहीर झाली आहे, आणि मला जे लिहायचे आहे ते त्या एका प्रकल्पापुरते नाही. चित्रांच्या फायली वाचून त्यांतील रंगबिंदू मेमरीत मांडून देणारी ही सी भाषेतली लायब्ररी अनेक लहानमोठ्या प्रोग्रॅमांत वापरली जाते, आणि तिची देखभाल मोजके लोक आपापल्या नोकऱ्या सांभाळून करतात. आमचा प्रोग्रॅमही तीच वापरत असल्यामुळे मी तिच्यावर फझिंग चालवत होते. मुद्दाम बिघडवलेल्या फायली लाखांनी भरवत राहायच्या आणि प्रोग्रॅम कुठे कोसळतो ते पाहायचे, असे हे काम असते. सोबत अ‍ॅड्रेससॅनिटायझर लावलेला असला, तर मेमरीच्या हद्दीबाहेर एक बाइट लिहिला गेला तरी तो प्रोग्रॅम तेथल्या तेथे थांबवतो आणि कोणत्या फंक्शनच्या कोणत्या ओळीवर हे घडले ते सांगतो. माझ्या अहवालात त्याने हद्दीबाहेरचे लेखन नोंदवले होते. हद्दीबाहेर वाचले जाणे वाईटच असते, पण लिहिले जाणे बहुधा त्याहून वाईट, कारण तेथे फाइल बनवणाऱ्याला प्रोग्रॅमच्या मेमरीत हात घालता येतो.

बगचा गाभा एका गुणाकारात होता. लायब्ररी फाइलीच्या सुरुवातीला लिहिलेली रुंदी आणि उंची वाचत असे, दोन्ही वेगवेगळ्या तपासून एक लाखाच्या आत असल्याची खात्री करत असे, मग रुंदी गुणिले उंची गुणिले ४ इतक्या बाइटांची जागा मागत असे. हा गुणाकार ३२ बिटांच्या पूर्णांकात होत होता, आणि अशा पूर्णांकात ४,२९,४९,६७,२९६ पासून पुढची संख्या मावत नाही. तेवढे वजा होऊन उरलेलाच भाग हाती राहतो. आता रुंदी ६५,५३७ आणि उंची १६,३८४ घेऊन पाहा. दोन्ही लाखाच्या आत आहेत, म्हणून तपासणीत पास होतात. खरा गुणाकार ४,२९,५०,३२,८३२ येतो, पण पूर्णांकात उरतात केवळ ६५,५३६. म्हणजे चार अब्जांहून अधिक बाइट लागणाऱ्या चित्रासाठी ६४ किलोबाइटांची जागा घेतली जाते आणि तीत चित्र ओतायला सुरुवात होते. एकट्या पहिल्या ओळीलाच २,६२,१४८ बाइट लागत असल्यामुळे ती ओळ पुरी होण्याआधीच हद्द ओलांडली जाते. या जातीचे बग कित्येक वर्षांपासून सर्वांना ठाऊक आहेत, त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे, आणि तरीही जुन्या कोडमध्ये ते सापडत राहतात.

क्रॅश सापडला म्हणजे सुरक्षेचा बग सापडला असे होत नाही, आणि कळवण्यापूर्वी सर्वांत जास्त विचार मी याच मुद्द्यावर केला. विचारायचा प्रश्न असा असतो की प्रोग्रॅम ज्याच्यावर विश्वास ठेवत नाही अशा कुणाच्या तरी हातात ही गोष्ट आहे का. चित्राची फाइल कुठूनही येऊ शकते, ती अनोळखी माणसाने पाठवलेली असू शकते, म्हणून तिच्यामुळे मेमरी बिघडत असेल तर तो निःसंशय सुरक्षेचा प्रश्न आहे. याउलट, जो वापरकर्ता स्वतःच्या मशीनवर स्वतःच आज्ञा टाइप करतो, त्याने चमत्कारिक आकडा दिल्यामुळे त्याचाच प्रोग्रॅम चुकला, तर तो साधा बग होय. ही रेष ओळखली नाही तर काय होते याचे चांगले उदाहरण सीव्हीई-२०२०-१९९०९ हे आहे (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या बगांना दिला जाणारा ओळखक्रमांक). नेटवर्कवरून माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या कर्ल या प्रकल्पात पुन्हा प्रयत्न करण्याआधी किती थांबायचे हे सांगणारा एक पर्याय आहे. त्याला अवाढव्य आकडा दिला की गणित ओलांडत असे आणि थांबण्याचा वेळ चुकीचा लागत असे. बग २०१९ मध्येच दुरुस्त झाला होता. २०२३ मध्ये कुणीतरी परस्पर त्याच्या नावे सीव्हीई क्रमांक मिळवला, अमेरिकेच्या राष्ट्रीय व्हल्नरेबिलिटी डेटाबेसने त्याला १० पैकी ९.८ गुण दिले, आणि कर्लच्या लोकांना हे प्रकरण मुळात सुरक्षेचे नाहीच हे पटवत बसावे लागले. शेवटी तो आकडा खाली आला, पण दरम्यान असुरक्षित आवृत्त्या शोधणारे किती ठिकाणचे स्कॅनर लाल झाले असतील याची कल्पना करता येते.

कुठे कळवायचे हे शोधणे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. अनेक प्रकल्पांच्या मूळ फोल्डरमध्ये ‘सिक्युरिटी’ नावाची फाइल असते आणि तीत पत्ता असतो. प्रकल्पांचा कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर २०२३ पासून खाजगी रीतीने बग कळवण्याची सोय सर्व सार्वजनिक रिपॉझिटरींना, म्हणजे कोडच्या साठ्यांना, खुली आहे, मात्र ती मेंटेनरने, म्हणजे प्रकल्पाची देखभाल करणाऱ्याने, सुरू करावी लागते. संकेतस्थळांसाठी ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाच्या फाइलीची रीत एप्रिल २०२२ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी ९११६ म्हणून नोंदली गेली. या प्रकल्पात तीन परिच्छेदांची छोटी फाइल होती: सार्वजनिक इश्यू (सर्वांना दिसणारी तक्रार) उघडू नका, या खाजगी मार्गाने लिहा, आणि आम्ही सवड काढून उत्तर देऊ. एवढे पुरेसे होते. जेथे असे काहीच नसते, तेथे तपशील न देता ‘सुरक्षेविषयी खाजगीत कुणाशी बोलावे’ इतकेच सार्वजनिकरीत्या विचारणे हाच मार्ग उरतो.

पत्र लिहिण्यापूर्वी फाइल लहान करण्यावर मी बराच वेळ घालवला. फझरने दिलेल्या फाइलीत निरर्थक बाइटांचा ढीग असतो, आणि मेंटेनरला तो ढीग पाठवणे म्हणजे आपले काम त्याच्यावर टाकणे. हे स्वरूप ‘हाच रंग इतक्या वेळा’ अशा पद्धतीने आकुंचित केलेले असल्यामुळे ती फाइल अखेर शंभर बाइटांच्या आत आली, आणि प्रत्येक बाइट कशासाठी आहे हे मला सांगता येऊ लागले. पत्रात मी बाधित आवृत्त्या, ज्या कमिटवर (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलावर) पडताळले तो कमिट, कंपायलर आणि त्याचे पर्याय, सॅनिटायझरचा संपूर्ण अहवाल, गुणाकाराचे वर दिलेले गणित आणि माझ्या मते होणारा परिणाम लिहिला. जे तपासले नव्हते तेही स्पष्ट लिहिले: या बगचा वापर करून प्रत्यक्ष कोड चालवून दाखवलेला नाही, आणि ३२ बिटांच्या यंत्रावर चाचणी केलेली नाही. दुरुस्तीचा एक कच्चा पॅच जोडला. बक्षिसाचा प्रश्न नव्हताच. या प्रकल्पाकडे तशी योजना नाही.

पहिले उत्तर आले ते दोन प्रश्नांचे होते: हे तुम्ही स्वतः चालवून पाहिले आहे का, आणि कोणत्या कंपायलरवर? त्यात आभार नव्हते, नमस्कार नव्हता. मला त्याचे वाईट वाटले नाही, कारण मेंटेनर मंडळींच्या टपालात आजकाल काय येते हे मी ऐकून होते. भाषिक मॉडेलकडून लिहून घेतलेले, दिसायला चोख, परिच्छेद पाडलेले, पण अस्तित्वात नसलेल्या फंक्शनविषयी बोलणारे अहवाल लहान प्रकल्पांना अक्षरशः बुडवत आहेत. कर्लच्या लोकांनी याविरुद्ध उघड आणि वारंवार आवाज उठवला आहे. खोटा अहवाल खोटा आहे हे सिद्ध करायला खरा अहवाल तपासण्याइतकाच, कधी त्याहून जास्त वेळ लागतो, आणि हा वेळ ज्यांचा जातो ते बहुधा पगारी नसतात. माझ्या शंभर बाइटांच्या फाइलीने येथे काम केले. ती चालवायला अर्धे मिनिट लागते. पुढच्या उत्तराचा सूर पूर्ण वेगळा होता, आणि त्यात दुसऱ्या एका मेंटेनरला सामील करून घेतल्याचे कळवले होते.

त्यानंतर बग किती गंभीर यावर वाद झाला, आणि तो मला या सर्व प्रक्रियेतला सर्वांत शिकवणारा भाग वाटतो. सीव्हीएसएस नावाच्या पद्धतीने काही ठरावीक प्रश्नांची उत्तरे देऊन ० ते १० असा गुण काढता येतो: हल्ला नेटवर्कवरून होतो का, वापरकर्त्याने काही करावे लागते का, गुप्तता, अखंडता आणि उपलब्धता यांवर किती परिणाम होतो, वगैरे. ७ पासून ‘उच्च’ आणि ९ पासून ‘अतिगंभीर’ समजतात. अडचण अशी की लायब्ररीला या प्रश्नांची उत्तरेच देता येत नाहीत, कारण ती कोणत्या प्रोग्रॅममध्ये बसवली आहे यावर ती अवलंबून असतात. तीच लायब्ररी घरच्या चित्रदर्शकात असेल तर कुणीतरी फाइल उघडावी लागते, आणि सर्व्हरवर छोटी चित्रे बनवणाऱ्या सेवेत असेल तर कुणाला काहीच करावे लागत नाही. नेटवर्कवरचा संवाद कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या प्रकल्पाने म्हणूनच आकड्यांचा नाद न धरता ‘क्रिटिकल’, ‘हाय’, ‘मॉडरेट’ आणि ‘लो’ अशा चार शब्दांत गंभीरता सांगण्याची रीत ठेवली आहे, आणि ‘लो’ दर्जाचे बग ते सर्वसाधारणपणे गाजावाजा न करता लगेच उघडपणे दुरुस्त करतात. मला ही रीत जास्त प्रामाणिक वाटते.

आमच्या वादात मेंटेनरचे म्हणणे असे होते की हा बग प्रोग्रॅम कोसळवण्यापलीकडे जाणार नाही. पहिली ओळच अडीच लाख बाइटांची आहे, ती ६४ किलोबाइटांच्या जागेत ओतली की पुढची सगळी मेमरी तुडवली जाईल आणि प्रोग्रॅम लागलीच पडेल. हल्लेखोराच्या हाती काही लागणार नाही. युक्तिवाद चांगला होता. पण डिकोडर, म्हणजे फाइल उलगडणारा भाग, ओळ एकदम ओतत नव्हता, एकेक रंगबिंदू लिहीत होता, आणि फाइलीतला मजकूर संपला की मुकाट्याने थांबून ‘अपुरी फाइल’ असा निरोप परत देत होता. म्हणजे ६५,५३६ बाइटांत मावणारे १६,३८४ रंगबिंदू भरल्यानंतर आणखी दहा लिहायचे की दहा हजार, हे फाइल बनवणारा ठरवू शकत होता, आणि त्या रंगबिंदूंची मूल्येही त्याचीच. हद्दीच्या पलीकडे नेमके किती आणि नेमके काय लिहायचे हे दोन्ही ज्या बगमुळे हल्लेखोराच्या हाती जाते, त्याला केवळ कोसळवणारा बग म्हणता येत नाही. मी फाइलीचे दोन नमुने पाठवले: एक हद्दीपलीकडे केवळ एक रंगबिंदू लिहिणारा, दुसरा काही शे लिहिणारा. दर्जा ‘मध्यम’ वरून ‘उच्च’ वर गेला. त्यासाठी प्रत्यक्ष हल्ला लिहून दाखवण्याची मागणी त्यांनी केली नाही, हे मला विशेष आवडले. काही ठिकाणी ती होते, आणि मग बग कळवणाऱ्याला शस्त्र घडवत बसावे लागते.

दुरुस्तीचे काम खाजगी फोर्कमध्ये, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीत, सुरू झाले. गिटहबवर सूचनेच्या मसुद्याला जोडून असा तात्पुरता फोर्क काढता येतो, पण त्यात नेहमीच्या स्वयंचलित चाचण्या चालत नाहीत. म्हणजे ज्या पॅचची चाचणी सर्वांत काटेकोर व्हायला हवी, तोच पॅच हाताने तपासावा लागतो. आम्ही यंत्रे वाटून घेतली आणि प्रत्येकाने आपापल्या मशीनवर संपूर्ण चाचणीसंच चालवून निकाल कळवला. पहिल्या पॅचमध्ये निकाल साठवणारा व्हेरिएबल ६४ बिटांचा केला होता. वाचताना सगळे ठीक दिसत होते, पण सी भाषेत ३२ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार ३२ बिटांतच होतो आणि मग तो आधीच कापला गेलेला निकाल मोठ्या जागेत ठेवला जातो. हे दुसऱ्या मेंटेनरच्या नजरेतून सुटले नाही. अखेर जो पॅच ठरला त्यात गुणाकार करण्यापूर्वीच भागाकाराने तपासणी होते: मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येला ४ ने आणि मग उंचीने भागायचे, आणि रुंदी त्याहून मोठी असेल तर फाइल नाकारायची. आमच्या उदाहरणात तो भागाकार ६५,५३५ येतो, रुंदी ६५,५३७ आहे, फाइल नाकारली जाते. उंची शून्य असेल तर भागाकारच फसेल, म्हणून ती आधी तपासायची. सगळे मिळून तीन ओळी.

या तीन ओळी एका जागी घालून भागत नव्हते. हेच गणित आणखी कुठे केले आहे का हे शोधण्याचा आग्रह मी धरला, आणि हलत्या चित्रांच्या प्रत्येक फ्रेमसाठी जागा घेणाऱ्या फंक्शनात तोच गुणाकार हुबेहूब सापडला. अर्धवट दुरुस्ती ही दुरुस्ती न होण्यापेक्षा घातक ठरू शकते, कारण ती नेमके बोट दाखवते आणि शेजारचे दार उघडे ठेवते. सप्टेंबर २०१४ मध्ये बॅश या शेलमधला शेलशॉक बग जाहीर झाला तेव्हा पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि लगेच दुसरा सीव्हीई क्रमांक काढावा लागला. जावा प्रोग्रॅमांच्या नोंदी ठेवणाऱ्या लॉगफोरजे या लायब्ररीच्या बाबतीत डिसेंबर २०२१ मध्ये २.१५.० ही दुरुस्त आवृत्ती आली, तीही अपुरी निघाली, आणि महिना संपेपर्यंत २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशी रांग लागली. ज्यांनी धावपळ करून पहिली आवृत्ती बसवली त्यांना पुन्हा पुन्हा तेच करावे लागले.

सीव्हीई क्रमांकाविषयी बाहेर बराच गैरसमज दिसतो. १९९९ पासून मायटर ही संस्था ही नोंदणी चालवते. क्रमांक देण्याचे अधिकार मात्र सीएनए म्हणवल्या जाणाऱ्या अनेक संस्थांना वाटून दिलेले आहेत, आणि गिटहब ही त्यांपैकी एक आहे. क्रमांक म्हणजे गंभीरतेचे प्रमाणपत्र नाही. सर्वांना एकाच बगविषयी बोलता यावे म्हणून दिलेले ते एक ओळखचिन्ह आहे. २०२४ च्या सुरुवातीला कर्ल आणि लिनक्स कर्नल हे दोन्ही प्रकल्प स्वतःच सीएनए झाले, आणि त्यामागे आपल्या नावावर परस्पर क्रमांक निघू नयेत ही इच्छा होती. मात्र दोघांची रीत अगदी निराळी आहे. कर्ल प्रत्येक क्रमांक चाळून देतो. कर्नलची मंडळी असे मानतात की कर्नलच्या पातळीवर जवळजवळ कोणताही बग सुरक्षेचा ठरू शकतो, त्यामुळे दुरुस्ती स्थिर शाखेत गेल्यानंतर ते सढळ हाताने क्रमांक वाटतात, आणि ते हजारांनी निघतात. आमच्या बगसाठी मेंटेनरने गिटहबकडून क्रमांक मागितला आणि तो आरक्षित होऊन आला. जाहीर होईपर्यंत अशा क्रमांकामागे काहीही तपशील दिसत नाही.

खरी कसोटी एम्बार्गोची, म्हणजे बग आणि दुरुस्ती कुठवर झाकून ठेवायची आणि दरम्यान कुणाला सांगायचे याची होती. लिनक्स डिस्ट्रिब्युशनांच्या (लिनक्स आणि त्यावरचे प्रोग्रॅम एकत्र बांधून देणाऱ्या, डेबियनसारख्या प्रकल्पांच्या) सुरक्षा-गटांसाठी एक खाजगी यादी आहे आणि तिचा नियम असा की तेथे सांगितलेली गोष्ट जास्तीत जास्त १४ दिवसांत उघड व्हायलाच हवी. संकेतस्थळे बांधण्यासाठी वापरला जाणारा जँगो हा प्रकल्प निवडक लोकांना सुमारे आठवडाभर आधी कळवतो. गूगलचा प्रोजेक्ट झीरो हा गट ९० दिवसांची मुदत देतो. दुसऱ्या टोकाला एक्सएमएल फायली वाचणाऱ्या लिबएक्सएमएल२ या लायब्ररीच्या मेंटेनरने २०२५ मध्ये जाहीर केले की यापुढे सुरक्षेचे बग इतर बगांसारखेच हाताळले जातील, गुप्तता पाळली जाणार नाही, कारण विनामोबदला काम करणाऱ्यावर मुदतींचे ओझे टाकणे त्याला मान्य नव्हते. त्या निर्णयावर टीका पुष्कळ झाली. मला तो समजण्याजोगा वाटतो.

माझे स्वतःचे मत एम्बार्गो छोटा असावा असेच आहे, आणि त्याचे कारण सद्भावना नसून शंका आहे. जे मला सापडले ते दुसऱ्याला सापडणार नाही असे धरून चालता येत नाही. ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड बग, म्हणजे सीव्हीई-२०१४-०१६०, गूगलमधील एका संशोधकाला आणि कोडेनोमिकॉन या कंपनीतील लोकांना एकमेकांपासून स्वतंत्रपणे, जवळपास एकाच सुमारास सापडला होता. शिवाय ओपन सोर्समध्ये दुरुस्ती लपत नाही. लॉगफोरजेचा बग २४ नोव्हेंबर २०२१ रोजी खाजगीत कळवला गेला, दुरुस्तीचे काम सार्वजनिक रिपॉझिटरीत दिसत होते, आणि ९ डिसेंबरला तो जगजाहीर झाला. नव्या कमिटवर नजर ठेवून ‘ही ओळ का बदलली असेल’ असे विचारणारे लोक असतातच. काही प्रकल्प म्हणून कमिटचा संदेश मुद्दाम मोघम लिहितात. मला ते फसवे वाटते, आणि निरुपयोगीही: भागाकाराची तपासणी वाढवलेली पाहून जाणकाराला कळायचे ते कळते, आणि ज्याला जुन्या शाखेवर पॅच नेण्याची गरज आहे त्याला मात्र कळत नाही. आम्ही दुरुस्ती, नवी आवृत्ती आणि सूचना तिन्ही एकाच बैठकीत प्रसिद्ध करायचे ठरवले, संदेशात सीव्हीई क्रमांक उघड लिहिला, आणि केवळ चाचणीची फाइल मागे ठेवली. ती शंभर बाइटांची फाइल म्हणजे तयार हत्यार होते. ती पुढच्या आवृत्तीबरोबर रिपॉझिटरीत गेली. दिवस आठवड्याच्या मधला निवडला. शुक्रवारी सुरक्षेची आवृत्ती काढणाऱ्याला सर्व्हर सांभाळणारे लोक क्षमा करत नाहीत.

येथे एक आडवाटेची गोष्ट लिहिते, कारण ती माझ्या मनात त्या काळात सारखी येत होती. ‘आधी मेंटेनरला सांगा’ हा सर्व शिष्टाचार मेंटेनर विश्वासू आहे या गृहीतावर उभा आहे. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला फायली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत पेरलेले चोरदार सापडले. दूरच्या यंत्रावर एसएसएचने लॉगिन करताना अर्ध्या सेकंदाच्या आसपास जास्त वेळ लागतो म्हणून त्यांनी शोध घेतला होता. प्रकल्पातल्याच कुणाचा हात दिसत असल्यामुळे त्यांनी मूळ प्रकल्पाला न कळवता आधी डेबियनला, मग डिस्ट्रिब्युशनांच्या खाजगी यादीला कळवले, आणि २९ मार्चला ते जाहीर केले. कोणत्याही ‘सिक्युरिटी’ फाइलीत या परिस्थितीसाठी मार्ग लिहिलेला नसतो.

आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हा काम अर्धेच झाले आहे हे माझ्या लक्षात येऊ लागले. डेबियनसारखी डिस्ट्रिब्युशने स्थिर शाखेत नवी आवृत्ती घेत नाहीत. जुन्याच आवृत्तीवर तेवढा पॅच चढवतात आणि आवृत्ती क्रमांकाच्या शेवटी आपली खूण जोडतात. हे योग्यच आहे, पण नुसता क्रमांक वाचणारे स्कॅनर अशा दुरुस्त पॅकेजलाही बाधित ठरवतात, आणि प्रकल्पाकडे ‘आम्ही अजून असुरक्षित आहोत का’ अशी पत्रे येत राहतात. आमच्या लायब्ररीच्या दोन जुन्या शाखांत तपासणीचे फंक्शन वेगळ्या फाइलीत होते आणि हलत्या चित्रांचा भाग एकीत नव्हताच, त्यामुळे पॅच प्रत्येकीसाठी निराळा लिहावा लागला. मूळ दुरुस्तीपेक्षा या बॅकपोर्टांनाच मेंटेनरचा जास्त वेळ गेला.

त्याहून अवघड होत्या त्या लायब्ररीच्या प्रती, ज्या कुणीकुणी आपल्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये सरळ उचलून ठेवल्या होत्या. त्यांना कोणताही पॅकेज मॅनेजर हात लावत नाही. लायब्ररीतला एक वैशिष्ट्यपूर्ण त्रुटी-संदेश घेऊन मी कोडमध्ये शोध घेतला, आणि अशा प्रती अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. काहींत नाव बदललेले होते, काहींत जुनी आवृत्ती स्वतःच्या फेरफारांसह मिसळून गेली होती. जे प्रकल्प जिवंत दिसले त्यांना मी सूचनेचा दुवा आणि पॅच पाठवला. बहुतेकांनी तो घेतला, एकाने ते चित्रस्वरूप वाचण्याची सोयच काढून टाकली, आणि काही रिपॉझिटरी संग्रहित अवस्थेत असल्यामुळे तेथे लिहायलाही जागा नव्हती. आमच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये लायब्ररी आतच जोडलेली असल्यामुळे आम्हालाही नवी आवृत्ती काढावी लागली, ती मात्र आधीपासून तयार होती.

अशा प्रती ठेवणाऱ्यांना एम्बार्गोच्या काळात सांगावे की नाही, यावर मेंटेनरशी माझी बरीच चर्चा झाली. त्यांची यादी कुणाकडेच पूर्ण नसते, आणि यादी वाढली की गुपित टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते मी मान्य केले. त्यानंतर प्रकल्पाने आपल्या ‘सिक्युरिटी’ फाइलीत दोन परिच्छेद वाढवले. एकात अविश्वासू चित्र-फाइलीमुळे घडणारे हद्दीबाहेरचे वाचन-लेखन सुरक्षेचे मानले जाईल, पण प्रोग्रॅमरने फंक्शनला चुकीचे पॉइंटर दिल्यास ते मानले जाणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. दुसऱ्यात लायब्ररीची प्रत स्वतःच्या कोडमध्ये ठेवणाऱ्यांनी प्रकल्पाच्या सूचना मिळण्यासाठी नावनोंदणी करून ठेवावी, कारण त्यांना वेगळे कळवले जाणार नाही, असे म्हटले आहे.